वृद्ध मांजराचे ओरडणे आणि अवटु ग्रंथी

रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असतात. घरातील माणसे गाढ झोपेत असतात, आणि अशा वेळी स्वयंपाकघराच्या किंवा जिन्याच्या बाजूने एक लांब, घोगरा, ओढून काढल्यासारखा आवाज येऊ लागतो. आवाज घरच्याच मांजराचा असतो. पण तो त्याच्या नेहमीच्या म्यावसारखा नसतो. कोणी उठून पाहावे, तर मांजर खोलीच्या मधोमध उभे असते. ताटलीत खाणे असते किंवा नुकतेच चाटून पुसून संपलेले असते, पाण्याचे भांडे जागच्या जागी असते. त्याला उचलून घेतले की ते क्षणभर गप्प होते, मग हातातून सुटून खाली उतरते, आणि हाका पुन्हा सुरू होतात. मांजराचे वय बारा-तेरा वर्षांचे असते. वर्षापूर्वी ते दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढीत असे. आता त्याला कोठेच चैन पडत नाही.

मांजर पाळणाऱ्या पुष्कळ घरांना हा अनुभव परिचित आहे. त्याचा अर्थ मात्र निरनिराळ्या प्रकारे लावला जातो. कोणी म्हणते, म्हातारपणी जनावरही हट्टी होते. कोणी म्हणते, फार लाडावून ठेवल्याचा हा परिणाम. आपल्याकडे तर मांजराचे रडणे अशुभ मानण्याची जुनी समजूत आहे, आणि त्या समजुतीपायी आजारी जनावराला रात्री घराबाहेर काढले जाण्याचाही संभव असतो. पशुवैद्य या हाकेकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. दहा वर्षांपुढील मांजर पूर्वीपेक्षा अधिक ओरडू लागले, भरपूर खाऊनही वाळू लागले आणि अस्वस्थ झाले, तर त्याचा हात प्रथम त्या मांजराच्या गळ्याकडे जातो.

या ओरडण्याचे महत्त्व समजण्यासाठी मांजराच्या आवाजासंबंधी थोडी माहिती असणे इष्ट आहे. मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकी संशोधिकेने १९४४ मध्ये पाळीव मांजराच्या उच्चारांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. तिने सोळा प्रकारचे आवाज वेगळे काढून दाखविले आणि ते काढताना तोंडाची स्थिती कशी असते यावरून त्यांचे तीन वर्ग पाडले. तोंड मिटून काढलेले आवाज हा पहिला वर्ग. मांडीवर बसलेल्या मांजराची घुरघुर त्यात मोडते. तोंड उघडून मग हळूहळू मिटत नेताना निघणारे आवाज दुसऱ्या वर्गात येतात, आणि आपल्या परिचयाचे म्याव हे त्यांपैकीच होय. तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले भांडणातील आवाज तिसऱ्या वर्गातले.

यांपैकी म्यावची एक गंमत आहे. पूर्ण वाढलेली मांजरे एकमेकांना उद्देशून ते क्वचितच वापरतात. आपापसांत त्यांचे काम गंधाने, शेपटीच्या व कानांच्या हालचालींनी, आणि वेळप्रसंगी फिसकारण्याने भागते. पिल्लू आपल्या आईला हाक मारते ती या जातीची. आणि माणसाच्या घरात वाढलेले मांजर ती बालपणची हाक मोठेपणीही टाकून देत नाही, ती माणसासाठी राखून ठेवते. म्हणून वृद्ध मांजर रात्री-अपरात्री सारखे हाका मारू लागते, तेव्हा त्या हाका बहुधा घरातील माणसांनाच उद्देशून असतात. त्यांत काही मागणे असते. मात्र ते मागणे खाण्याच्या ताटलीने पुरे होत नाही, इतकेच.

अवटु ग्रंथीच्या अतिक्रियतेमुळे मांजराला होणारा विकार हा आज म्हाताऱ्या मांजरांच्या अंतःस्रावी रोगांपैकी सर्वांत अधिक आढळणारा रोग आहे. अमेरिका व ब्रिटन या देशांत दहा वर्षांवरील मांजरांपैकी सुमारे दहा टक्के मांजरांना तो होतो असा अंदाज आहे. असे असूनही १९७९ पर्यंत पशुवैद्यकाला हा रोग ठाऊक नव्हता, ही गोष्ट आश्चर्यकारक वाटेल. त्या वर्षी न्यूयॉर्क येथील ॲनिमल मेडिकल सेंटर या पशुरुग्णालयातील मार्क पीटरसन आणि त्यांचे सहकारी यांनी मांजरातील या विकाराचे पहिले वर्णन केले. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, बॉस्टन येथील जीन होल्झवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दहा मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये पीटरसन यांनी जो निबंध लिहिला, त्यात १३१ मांजरांच्या तपासणीचे निष्कर्ष होते. वाळलेली, खा-खा करणारी, धडधडत्या छातीची ही मांजरे त्यापूर्वी कोणाच्या हाताखालून गेली नसतील असे नाही. परंतु पाहणाऱ्याला काय पाहावयाचे हे ठाऊक नसले, म्हणजे समोर असलेलेही दिसत नाही.

तथापि केवळ डोळे उघडल्यामुळे रोगी वाढले, एवढ्याने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. रोगाचे प्रमाण त्यानंतरच्या दशकांत खरोखरच वाढत गेले. मांजरांचे आयुर्मान वाढले हे एक कारण आहेच. डबाबंद खाद्यावर वाढलेल्या मांजरांत हा रोग अधिक आढळतो असे अनेक पाहण्यांत दिसून आले, त्यामुळे खाद्यातील आयोडीनचे कमीजास्त प्रमाण, सोयाबीनमधील काही द्रव्ये आणि डब्याच्या आतील लेप यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. गाद्या, पडदे, उपकरणे यांना आग लवकर लागू नये म्हणून जी ब्रोमीनयुक्त रसायने १९७० नंतर सर्रास वापरात आली, ती घरातील धुळीत उतरतात. मांजर जमिनीलगत वावरते आणि दिवसभर आपले अंग चाटते, म्हणजे ती धूळ त्याच्या पोटात जाते. या रसायनांचाही विचार संशोधक करीत आहेत. एकही आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही. सयामी व ब्रह्मी जातीच्या मांजरांत हा रोग कमी प्रमाणात आढळतो, यावरून वंशाचाही त्यात काही भाग असावा असे दिसते.

आता प्रत्यक्ष ग्रंथीकडे वळू. अवटु ग्रंथी, जिला व्यवहारात थायरॉइड म्हणतात, ती गळ्यात स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते. मनुष्यात तिचे दोन खंड मधल्या पुलाने जोडलेले असतात. मांजरात ते सामान्यतः एकमेकांपासून अलग असतात. प्रत्येक खंड जेमतेम दोन सेंटिमीटर लांब आणि इतका अरुंद व मऊ असतो, की निरोगी मांजराच्या गळ्यात तो बोटांना लागत नाही. ग्रंथी स्वरयंत्राच्या इतकी जवळ असल्यामुळे, ती वाढून स्वरयंत्रावर दाबते व त्यामुळे मांजर ओरडते, असा तर्क एखादा वाचक करील. तो बरोबर नाही. ओरडण्याचे मूळ या ग्रंथीतून रक्तात मिसळणाऱ्या रसात आहे.

या रसातील मुख्य द्रव्य थायरॉक्सिन हे होय. अमेरिकेतील एडवर्ड केंडल यांनी ते १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यांतील एक अणू गळून पडला म्हणजे जे तीन आयोडीन अणूंचे द्रव्य तयार होते, ते अधिक प्रभावी असते. त्याचा शोध लंडन येथे जॅक ग्रॉस व रॉझलिंड पिट-रिव्हर्स यांनी १९५२ मध्ये लावला. शरीरातील पेशी इंधन किती वेगाने जाळतील हे ही द्रव्ये ठरवितात. निरोगी शरीरात त्यांच्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची देखरेख असते: रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की ती अवटु ग्रंथीला कामाला लावणारे द्रव्य सोडते, आणि थायरॉक्सिन पुरेसे झाले की हात आवरता घेते. रोगी मांजराच्या ग्रंथीत काही पेशींचे लहान लहान गोळे तयार होतात आणि ते ही देखरेख जुमानीत नाहीत. पिट्यूटरीने आपले द्रव्य पूर्णपणे बंद केले, तरी हे गोळे थायरॉक्सिन बनवीतच राहतात. सुमारे सत्तर टक्के रोगी मांजरांत दोन्ही खंडांना हा विकार जडलेला असतो. हे गोळे जवळजवळ नेहमीच साधे असतात. कर्करोग शंभरांत एक ते तीन मांजरांतच आढळतो.

येथे एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. भारतातील वाचकाला गळ्यातील गाठ म्हटली की हिमालयाच्या पायथ्याशी आढळणारा गलगंड आठवतो. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. वि. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रसिद्ध प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध झाला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या गलगंडात आयोडीनच्या अभावी ग्रंथी उपाशी असते व अधिक आयोडीन पकडण्याच्या धडपडीत फुगते. मांजराच्या या विकारात ग्रंथी वाढते ती गरजेपेक्षा अधिक काम करीत असल्यामुळे. म्हणून गाठ दिसली एवढ्यावरून आयोडीनचे औषध सुरू करणे ही चूक ठरेल.

थायरॉक्सिनचा पूर आलेले शरीर भाता सतत चालू असलेल्या शेगडीप्रमाणे जळत राहते. कोळसा कितीही घाला, तो पुरत नाही. मांजर दुप्पट खाते आणि तरीही त्याचे वजन उतरत जाते, कारण अन्न संपल्यावर शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. पाठीचा कणा व ढुंगणाची हाडे हाताला लागू लागतात. तहान वाढते, लघवी वाढते, ओकाऱ्या होतात, केस राठ व अस्ताव्यस्त दिसतात. हृदयाचे ठोके कधी कधी मिनिटाला २४० च्याही पुढे जातात. जे मांजर थंडीत चुलीपाशी जाऊन बसत असे, ते आता गार फरशी शोधते.

ओरडण्याचा उगम या सर्वांतच आहे, आणि त्याचे कारण एकेरी नाही. पहिले कारण भूक. आणि ही भूक खाऊन भागणारी नसते. दुसरे कारण मज्जासंस्थेची उत्तेजित अवस्था. थायरॉक्सिन वाढले म्हणजे ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा परिणाम शरीरावर अधिक तीव्रतेने होतो. ज्या माणसाला हा रोग होतो तो सांगू शकतो, की छातीत धडधड होते, हात कापतात, झोप लागत नाही, उगाच जीव घाबरतो. मांजराला सांगता येत नाही. तिसरे कारण रक्तदाब. तो फार वाढला तर डोळ्याच्या आतील पडदा सुटून मांजराला एकाएकी अंधत्व येऊ शकते, आणि रात्रीच्या अंधारात परिचित घरातही दिशा हरवलेले जनावर हाक मारते. दिवसा माणसांची वर्दळ असते, अस्वस्थतेला काही वाट मिळते; रात्री घर निजते आणि जागे असलेले ते एकटेच उरते.

रोगाची शंका आल्यावर निदान करणे बहुतेक वेळा कठीण नसते. मांजराची मान किंचित वर करून श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी बोटे हलकेच खाली आणली, तर वाटाण्याएवढी निसटती गाठ हाताला लागते. त्यानंतर रक्तातील थायरॉक्सिन मोजतात. शंभरांतील सुमारे नव्वद रोगी मांजरांत ते स्पष्टपणे वाढलेले असते. उरलेल्यांत रोग नुकताच सुरू झालेला असतो, किंवा दुसऱ्या एखाद्या आजाराने थायरॉक्सिन खाली ओढून धरलेले असते; अशांची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

मात्र वृद्ध मांजराच्या प्रत्येक ओरडण्याचा दोष या ग्रंथीवर टाकणेही बरोबर होणार नाही. बहिरे होत चाललेले मांजर स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे मोठ्याने ओरडते. सांधे दुखणारे मांजर ओरडते. मनुष्याच्या बुद्धिभ्रंशाशी मिळताजुळता विकार मांजरांनाही म्हातारपणी होतो. त्यांच्या मेंदूत त्याच जातीच्या प्रथिनाचे साके आढळले आहेत. अशा मांजराला रात्र-दिवसाचे भान राहत नाही, ते कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहते आणि हाका मारते. भेद करण्याची एक साधी खूण घरातील माणसांच्या हातात असते, ती म्हणजे वजन. स्वयंपाकघरातील काट्यावर टोपली ठेवून दर महिन्याला मांजर तोलले आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपला, तर चार किलोंचे मांजर सव्वातीन किलोंवर केव्हा आले हे नजरेतून सुटत नाही. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ते सहसा कळत नाही. ओरडणे थांबावे म्हणून माणसांची झोपेची किंवा दुखण्यावरची गोळी मांजराला देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. माणसाला निरुपद्रवी असणारी पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, कारण ते द्रव्य निकामी करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फारच दुबळी असते.

उपचाराचे चार मार्ग आहेत. आयोडीन अतिशय कमी असलेले विशेष खाद्य देणे हा एक. पण त्या खाद्याशिवाय दुसरा घासही मांजराच्या तोंडात जाता कामा नये, आणि शेजारच्या घरी दूध पिऊन येणाऱ्या मांजराच्या बाबतीत ही अट पाळवत नाही. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढता येते. तिला चिकटलेल्या परावटु ग्रंथींना धक्का लागला, तर रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या मर्यादेपर्यंत उतरते, म्हणून त्यासाठी हात सराईत पाहिजे. सर्वांत अधिक चालणारा मार्ग मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल या औषधांचा. ग्रंथीत आयोडीन जोडण्याची क्रियाच ही औषधे अडवितात. मांजराच्या घशात दररोज गोळी घालणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. म्हणून कानाच्या आतील उघड्या त्वचेवर चोळण्याचा लेपही तयार करण्यात आला आहे. काही मांजरांना या औषधाने ओकाऱ्या होतात, तोंडावर खाज सुटते, क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. औषध रोग बरा करीत नाही, तो आवरून धरते. ते थांबविले की रोग परत येतो.

परंतु औषधाचा परिणाम असा मागे घेता येतो, हाच एका मोठ्या पेचात त्याचा गुण ठरतो. तो पेच मूत्रपिंडांचा आहे. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडे झिजत जाणे ही सामान्य गोष्ट आहे. अवटु ग्रंथी बेफाम चालली असता हृदय जोराने रक्त लोटते, मूत्रपिंडांतून अधिक रक्त गाळले जाते, आणि झिजलेली मूत्रपिंडेही काही काळ आपले काम भागवीत राहतात. शिवाय स्नायू आटलेले असल्यामुळे, ज्या द्रव्यावरून मूत्रपिंडांची परीक्षा करतात ते क्रिएटिनिन रक्तात मुळातच कमी असते. त्यामुळे तपासणीचा कागद निर्दोष दिसतो. उपचार सुरू होतात, रक्ताचा जोर ओसरतो, आणि झाकलेला रोग उघडा पडतो. रात्री ओरडणारे मांजर शांत झाले म्हणून घर समाधानात असते, त्याच आठवड्यात मूत्रपिंडे अपुरी पडत असल्याची बातमी येते.

अशा वेळी, हा आजार औषधाने आणला काय, त्याला तसेच ओरडू दिले असते तर बरे झाले असते काय, असा प्रश्न घरच्या माणसांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आजार पूर्वीपासूनच होता. त्याला झाकणारा जोर हाही फुकटचा नव्हता; त्या जोराची किंमत हृदय मोजीत असते आणि मूत्रपिंडेही मोजीत असतात. म्हणून सूज्ञ पशुवैद्य प्रथम औषधाची लहान मात्रा देतो, दोन ते चार आठवड्यांनी थायरॉक्सिन, मूत्रपिंडे व रक्तदाब यांची पुन्हा तपासणी करतो आणि त्यानुसार मात्रा ठरवितो. थायरॉक्सिन फार खाली जाऊ देणेही मूत्रपिंडांना मानवत नाही. हे संतुलन साधता येते, आणि दोन्ही रोग असलेली मांजरेही समाधानाचे दिवस काढतात. पण किती दिवस, हे मूत्रपिंडे किती उरली आहेत यावर अवलंबून राहते. थायरॉक्सिन ताळ्यावर आल्यावरही रात्रीच्या हाका चालूच राहिल्या, तर रक्तदाब, कान आणि मेंदू यांच्याकडे नव्याने वळावे लागते.

मूत्रपिंडे ही परीक्षा उतरली, तर चौथा मार्ग मोकळा होतो, आणि तो सर्वांत मोहक आहे. आयोडीनचा १३१ हा किरणोत्सर्गी प्रकार ग्लेन सीबॉर्ग व जॉन लिव्हिंगूड यांनी १९३८ मध्ये शोधून काढला. मांजराच्या कातडीखाली त्याचे एक इंजेक्शन दिले जाते, बस्स. ग्रंथीला आयोडीन व किरणोत्सर्गी आयोडीन यांतील फरक कळत नाही. ती हावरेपणाने ते शोषून घेते. त्यातून निघणारे बीटा कण एक-दोन मिलिमीटरपेक्षा अधिक दूर जात नाहीत, त्यामुळे शेजारच्या परावटु ग्रंथी सुरक्षित राहतात. ग्रंथीतील निरोगी पेशीही बहुतांशी वाचतात, आणि त्यांना वाचविणारी गोष्ट मोठी विलक्षण आहे: पिट्यूटरीने काम थांबविल्यामुळे त्या पेशी निद्रिस्त झालेल्या असतात व आयोडीन घेतच नाहीत. जे गोळे आज्ञा मोडून जागे राहिले, तेच मारले जातात. शंभरांतील सुमारे पंचाण्णव मांजरे एकाच इंजेक्शनाने बरी होतात.

अडचण फक्त पुढच्या काही दिवसांची असते. या आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे, म्हणून मांजराला रुग्णालयातील स्वतंत्र कक्षात ठेवावे लागते. त्याच्या अंगातून निघणारे किरण ठरावीक मर्यादेखाली आल्याचे यंत्राने दाखविल्यावरच ते घरी जाते. घरी गेल्यावरही त्याची लघवीची वाळू काही आठवडे वेगळी साठवितात. लहान मुलांनी व गर्भवती स्त्रियांनी त्याला मांडीवर घ्यावयाचे नसते. आणि ज्या माणसाची झोप या मांजराने वर्षभर मोडली, त्याला बजावून सांगितले जाते की, पहिले दोन आठवडे तरी त्याला आपल्या अंथरुणात झोपू देऊ नये.